वावरातला टॅब: रेंज नसताना हिशेब कसा टिकवावा

टॅब म्हणजे मोठा मोबाईल, असं ज्यानं सांगितलं त्याच्याकडून पुढचा सल्ला घेऊ नका. मोबाईल एकट्याचा, खिशातला. टॅब चारचौघांत मधोमध ठेवायची वस्तू आहे. आमच्याकडे तो कापूस वेचणीच्या दिवसांत वजनकाट्याशेजारी असतो, संध्याकाळी पोरांपुढे आणि रात्री आईच्या कीर्तनाला. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव असं, की रेंज पारावर मिळते आणि वावरात नाही. सहा हंगाम तिथं टॅब वापरून जे कळलं ते सांगतो.

घेताना सिमवालाच घ्या. वाय-फायवाल्या पुष्कळ टॅबमध्ये जीपीएस नसतं. ई-पीक पाहणीला, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद करताना, वावरात उभं राहून जागा दाखवावी लागते, तिथं असा टॅब कामाचा नाही. सिमवाला घेतला तरी फोनमधलं सिम काढून त्यात टाकू नका. यूपीआय बँकेत नोंदवलेल्या सिमशी बांधलेलं असतं, अदलाबदलीत दोन्हीकडचा व्यवहार अडकतो. पैसे फोनवर, हिशेब टॅबवर. सेटिंगमध्ये पोरांसाठी वेगळा युजर करून द्या, नाहीतर वेचणीच्या यादीत कोणीतरी वाघाचं चित्र चिकटवून ठेवतं.

आता शीट. गुगल शीट्स या हिशेबाच्या तक्त्यांच्या ॲपमध्ये डावीकडे वेचणाऱ्या बायांची नावं, वर तारखा, चौकटीत किलो. शेवटी बेरीज आणि तिला भावानं गुणायचं. समजा भाव १० रुपये किलो आणि एकीनं तीन दिवसांत २२.५, ३१ आणि २७ किलो वेचला, तर ८०.५ किलोचे ८०५ रुपये. हे सूत्र एकदा टाकलं की हप्त्याच्या दिवशी कॅल्क्युलेटर बडवत बसावं लागत नाही.

यात एक खोच आहे. नावं मराठीत खुशाल लिहा, पण आकडे इंग्रजीच टाका. माझ्या टॅबवर तरी देवनागरी आकडा शीटला आकडा वाटत नाही, अक्षरं वाटतात, आणि बेरजेत तो धरला जात नाही. चूक ओळखायला सोपी: खरा आकडा चौकटीत उजवीकडे चिकटतो, अक्षरं डावीकडे. एखादं वजन डावीकडे बसलेलं दिसलं की ते पुसून पुन्हा टाका. बोलून लिहायची सोय नावांपुरती ठीक. आपण आपल्या बोलीत ‘मांडून राह्यलो’ म्हटलं की ती काय लिहील याचा नेम नाही.

इथपर्यंतचं कोणीही शिकवेल. घोळ पुढे होतो, वावरात, जिथं नेट नाही. ‘ऑफलाइन आपोआप चालतं’ असं छातीठोक सांगणारे मला दरवर्षी भेटतात. चालतं, पण आधी सांगून ठेवलं तर.

घरी नेट असताना शीट्स उघडा, फाइलच्या नावाशेजारचे तीन ठिपके दाबा आणि ती फाइल ऑफलाइन मिळण्याची सोय चालू करा. ही सोय फाइलगणिक करावी लागते. नव्या हंगामाची नवी फाइल काढली की पुन्हा करा. मी एका वर्षी नेमकं हेच विसरलो आणि सीतादहीच्या पूजेच्या दिवशी, पहिल्याच वेचणीला, काट्यासमोर नुसतं गोल फिरणारं चक्र बघत उभा होतो.

सोय केली म्हणून निर्धास्त होऊ नका, तिची परीक्षा घ्या. घरातच एअरप्लेन मोड लावा, फाइल उघडा, एका चौकटीत काहीतरी लिहा, ॲप बंद करून पुन्हा उघडा. लिहिलेलं दिसलं तर टॅब वावरात न्या. ही दोन मिनिटांची परीक्षा मी प्रत्येक हंगामाच्या आदल्या दिवशी घेतो आणि ती टाळणाऱ्याची मला कीव येते.

आता माझी फजिती ऐका. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. ऑफलाइन सगळं नीट चाललं होतं. रोज संध्याकाळी वजनं टाकत होतो आणि टॅब घरी आणून कपाटात ठेवत होतो. अकरा दिवस त्याला नेट दाखवलंच नाही, कारण गरजच पडली नाही. बाराव्या दिवशी टॅबनं जागा भरल्याची तक्रार केली. पोरांनी व्हिडिओ कोंबले होते. मी सेटिंगमध्ये जाऊन दिसेल त्या ॲपचा डेटा साफ करत सुटलो. त्यात शीट्सही गेलं. वर, म्हणजे नेटवरून गुगलकडे, न पोचलेले अकरा दिवस फक्त त्या टॅबमध्येच होते, ते तिथंच संपले.

चौदा बाया आणि अकरा दिवस. टोळीची म्होरकी काकू रोजचं वजन घरच्या भिंतीवर कोळशानं मांडत होती, आणि शेजारच्या तिघींचंही. बाकी दहाजणींचं काय? घरातला कापूस पुन्हा मोजला, चौघींचा वजा केला आणि उरलेला आठवणीवर वाटला. दोन संध्याकाळी वाद झाला आणि शेवटी पदरचे पैसे घालून मिटवला. काकू जाताना म्हणाली, “बापू, तुह्या डब्ब्यापेक्षा माही भित बरी हाय.”

तेव्हापासून माझा नेम असा. वावरातून आलो की फोनचा हॉटस्पॉट लावायचा, टॅबवर शीट्स उघडायचं आणि चहा होईपर्यंत ते उघडंच ठेवायचं. मग तीच फाइल फोनवर उघडायची आणि आजचं शेवटच्या बाईचं वजन तिथं दिसतं का ते बघायचं. फोनवर दिसलं तरच वर पोचलं. टॅबवर दिसतंय याला काही अर्थ नाही, तिथं तर दिसणारच. आणि जागा कमी पडली तर व्हिडिओ पुसा, फोटो हलवा, पण शीट्सच्या ‘डेटा साफ करा’ बटणाला बोट लावू नका. दुकानात टॅब दुरुस्तीला दिला तर तिथल्या पोरालाही हे बजावून सांगा, त्यांना सगळं साफ करायची भारी हौस असते.

दोन काटे असतील तर आणखी एक पथ्य. दोघांनी दोन यंत्रांवर एकाच पानात लिहू नये. नेट नसताना दोघांनी एकच चौकट भरली, तर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या लिहिण्याखाली गडप होतं आणि कोणी बोंब मारत नाही. प्रत्येक काट्याला वेगळं पान द्या आणि बेरीज तिसऱ्या पानावर घ्या.

वजन टाकताना टॅब स्वतःकडे वळवून धरू नका. काट्याशेजारी पोत्यावर ठेवा, पडदा बायांकडे. जिचं गाठोडं काट्यावर आहे तिला तिच्या नावापुढचा आकडा दिसला पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आकडा कळतोच. मोबाईलवर हे होत नाही, म्हणून मी टॅब घेतला. भांडणं निम्म्यावर आली. काकूची भिंत अजून चालू आहे, आणि मी तिला बंद कर म्हणत नाही. महिनाअखेर तिच्या भिंतीवरून माझं शीट तपासतो.

बाकीचे उपयोग सोपे आहेत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पारावर बसून एकदाच उतरवून घ्या. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो, आणि टॅबवर तो न ताणता वाचता येतो. जुने फेरफार, विक्रीच्या काटापट्ट्या गुगल ड्राइव्हच्या स्कॅननं पीडीएफ करून ठेवा, मात्र सावलीत, ट्यूबलाइटखाली नाही, कागदावर आपलीच सावली पडते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देतं, पण त्याला नेट लागतं, म्हणून ते टॅबवर नको, फोनवर ठेवा. फवारणीच्या हातानं टॅबला शिवू नका. ओल्या बोटांनी तो भलतंच बटण दाबतो आणि औषध पडद्यावरून पोरांच्या तोंडात जातं.

उन्हाळ्याचं मात्र गांभीर्यानं घ्या. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं कंपनीच सांगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या खोलीत, ट्रॅक्टरच्या सीटवर किंवा गाडीच्या काचेमागे टॅब ठेवू नका. तापलेला असताना चार्जिंगला लावू नका, लाइन आत्ताच आली असली तरी. तापला तर बंद करून, कव्हर काढून घरातल्या फरशीवर ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका. एकानं ठेवला होता. बाहेर काढल्यावर आत पाणी सुटलं आणि त्याचा टॅब आता पोळपाटासारखा भिंतीला टेकवून ठेवलेला असतो.