सूत्राचा कर्ता बदलताना या चुका टाळा

मे महिन्यातली भुसावळची दुपार. पंख्यातूनही झळाच येत होत्या. शिकवणीच्या पोरांना फ = (९/५)स + ३२ यात स ला कर्ता करायला, म्हणजे स एका बाजूला एकटा काढायला दिला. फ म्हणजे फॅरेनहाइट, स म्हणजे सेल्सिअस; फ धरला ११३. पहिल्या बाकावरचा गडी घाम पुसत म्हणाला, "३०.८, सर!"

"काय भो, तोरणमाळच्या थंड डोंगरावर बसून गणित सोडवलंस का?"

वहीत होतं स = (५/९)फ − ३२. ९/५ आधी हलवला, ३२ ला त्याचा स्पर्शही नाही. गाठोड्याची शेवटी मारलेली गाठ आधी सोडायची असते. सूत्रात ३२ शेवटी मिळवलेत, म्हणून आधी तेच वजा करा: स = (५/९)(फ − ३२). ८१ चे पाच नवमांश, ४५. हे झालं खरं भुसावळ. कंस लिहायला अर्धा सेकंद लागतो, पण तेवढाही धीर कुणाला नाही.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. ९ टक्के सरळव्याजाने २ वर्षांनी २३,६०० फेडले, तर मुद्दल किती? सूत्र रा = मु + (मु × द × क)/१००; रा म्हणजे रास, फेडलेली एकूण रक्कम, मु मुद्दल, द दर, क काळ. पोरं लिहितात मु = रा − (मु × द × क)/१००, आणि खाली दोन रेघा ओढून मोकळी. अरे, मुद्दल काढायला मुद्दलच लागतंय! काही हुशार तर २३,६०० चेच १८ टक्के कापतात आणि १९,३५२ सांगतात. कापूस विकून हप्ते भरणाऱ्या बापाला ६४८ रुपयांचा फरक विचारून बघा. मु असलेली सगळी पदं एका बाजूला ठेवा, मु सामाईक काढा: रा = मु(१ + द × क/१००). मग १.१८ ने भागा, २०,०००.

−३क्ष = १२ चं क्ष = १२ + ३ करणाऱ्यांना "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं" हे कुणी शिकवलं, देव जाणे. मी तो मंत्र वर्गात उच्चारूच देत नाही. काहीही पलीकडे जात नाही. दोन्ही बाजूंना −३ ने भागा.

उत्तर अपूर्णांकाचं वर्गमूळ असेल, तर वर्गमुळाची रेघ छेदावरही ओढा.

विजेच्या मंडलात समांतर जोडलेल्या ४ आणि ४ ओहमच्या रोधांचा एकूण रोध र, सूत्र १/र = १/४ + १/४. त्यातून ८ येत असतील, तर बेरजेआधीच एकेक पद उलटं केलं किंवा १/र चा १ च हरवला. उत्तर ४ पेक्षा कमी यायला हवं, २.