एल्कच्या परवान्यांवरील मर्यादा : बाजू घेण्याआधी नियम कसे वाचावेत

माझा एक भाचा कोलोराडोत राहतो आणि गेली काही वर्षे तो चवथीला घरी येत नाही. त्याला सुट्टी मिळत नाही असे नव्हे. सप्टेंबर हा एल्क या मोठ्या हरणाच्या माजाचा महिना असतो आणि तिथला धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगामही नेमका त्याच महिन्यात येतो. राज्याच्या वन्यजीव आयोगाला पाठवायच्या हरकतीचा मसुदा त्याने मध्यंतरी मला वाचायला पाठवला. मी स्वतः कधी धनुष्य हातात धरलेले नाही, पण नियम, परिपत्रके आणि त्यांवरच्या हरकती वाचण्यातच माझी नोकरी सरली. मसुद्यात राग भरपूर होता. पहिल्या परिच्छेदात परराज्यांतून येणाऱ्यांवर मर्यादा घाला अशी मागणी होती आणि तिसऱ्या परिच्छेदात शिकाऱ्यांवर मर्यादा घालणारे तुम्ही कोण, असा सवाल होता. त्या निमित्ताने मी तिकडच्या राज्यांचे नियम बसून वाचून काढले. गोव्यातील ज्या घरांतली मुले तिकडे आहेत आणि या वादात पडली आहेत, त्यांना हे नियम कोणत्या क्रमाने वाचावेत आणि मत कसे नोंदवावे हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

आपल्याकडे हा विषय परका वाटतो, कारण शिकारीचा परवाना ही गोष्ट आता आजोबांच्या आठवणींतच उरली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोठ्या शिकारीचे परवाने देण्याची तरतूद होती आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आज सत्तरीत किंवा सांग्यात रानडुक्कर बागायतीत शिरले, तरी शेतकऱ्याला वनखात्याकडे अर्ज घेऊन जावे लागते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत व्यवस्था निराळी आहे. एल्क हा आपल्या सांबराचा, म्हणजे गोव्यातल्या मेरूचा, भाऊबंद असून पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३०० किलोच्या पुढे जाते. तो जनतेची सामाईक ठेव मानला जातो, राज्य त्याचे राखणदार असते आणि दर हंगामात किती जनावरे मारू द्यायची हे राज्य ठरवते. तेव्हा वाद शिकार असावी की नसावी याचा नसतो, तर परवाने किती निघावेत आणि ते कोणाच्या हाती जावेत याचा असतो.

मर्यादा जनावरासाठी की माणसांसाठी?

कोणताही नियम हाती आला की सर्वांत आधी हा प्रश्न विचारावा. काही मर्यादा कळपाच्या प्रकृतीवरून ठरतात. हिवाळ्यात एल्क उंच डोंगरांवरून खाली उतरतात, तेव्हा हेलिकॉप्टरमधून त्यांची मोजदाद होते, शंभर माद्यांमागे किती पाडसे आणि किती नर आहेत हे पाहिले जाते आणि त्यावरून त्या कळपाचा आराखडा बनतो. पाडसांचे प्रमाण घसरले, तर परवाने कमी होतात. दुसऱ्या प्रकारच्या मर्यादा मात्र वाटणीच्या असतात : रहिवासी आणि परराज्यातले, धनुष्यवाले आणि बंदूकवाले, वर्षानुवर्षे रांगेत असलेले आणि नवे. दोन्ही प्रकार एकाच पुस्तिकेत, एकाच भाषेत छापलेले असतात आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

कोलोराडोचेच उदाहरण घेऊ. या राज्यात अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत, म्हणजे अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. तिथे शिकारीसाठी पाडलेल्या अनेक विभागांसाठी धनुष्याचा परवाना दुकानात जाऊन सरळ विकत घेता येत असे. परराज्यातला माणूसही पैसे मोजून तो घेऊ शकत होता. २०२५ पासून पंचविसाव्या क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाच्या पश्चिमेकडील विभागांत परराज्यातील तिरंदाजांसाठी ही थेट विक्री बंद झाली आणि त्यांना सोडतीत अर्ज करावा लागू लागला. रहिवाशांसाठी मात्र ती चालू राहिली. एका गटाला जितके हवेत तितके परवाने मिळत असतील आणि दुसऱ्याला मोजून मिळत असतील, तर ती मर्यादा मुख्यतः वाटणीची आहे असे समजावे. एल्क धोक्यात आहेत म्हणून हे केले, असे तिचे समर्थन करणाऱ्याने म्हणू नये आणि एल्क तर भरपूर आहेत, असे म्हणून तिला विरोधही करू नये. दोन्ही उत्तरे प्रश्नाला सोडून आहेत.

येथे एक अपवाद मान्य केला पाहिजे. गर्दी ही माणसांची अडचण असली, तरी तिचा परिणाम जनावरावरही होतो. धनुष्याने शिकार करायची तर तीस-चाळीस मीटरपर्यंत पोहोचावे लागते आणि त्यासाठी शिकारी नळीसारखे साधन फुंकून नराच्या हाळीची नक्कल करतात. भाच्याने सांगितलेला एक प्रसंग असा : पहाटे दरीपलीकडून हाळी आली, त्याने उत्तर दिले, पुन्हा हाळी आली. उतार उतरून, ओढा ओलांडून पाऊण तासाने तो पलीकडच्या झाडीत पोहोचला, तेव्हा समोर त्याच्यासारखाच हिरवट कपड्यांतला एक गृहस्थ नळी तोंडाला लावून उभा होता. दोघेही तासभर एकमेकांनाच साद घालत होते. अशा गलक्यात नर गप्प होतात आणि कळप सार्वजनिक रान सोडून खासगी कुरणांत जातात. तेव्हा गर्दीचा मुद्दा मांडायचा असेल तर तो असा, कार्यकारणासह मांडावा. वाहनतळावर परक्या नंबरपाट्या दिसल्या एवढ्यावर सोडू नये.

सांकेतिक क्रमांक कसा वाचावा

आपण ज्या परवान्याबद्दल बोलत आहोत तो नेमका कोणता, हे सांकेतिक क्रमांकावरून कळते. कोलोराडोत तो ई-एम-०६१-ओ१-ए अशा धर्तीचा असतो. पहिले अक्षर प्राण्याचे, म्हणजे एल्कचे, दुसरे लिंगाचे, येथे नर, मधले तीन अंक विभागाचे, त्यानंतर हंगाम, आणि शेवटी हत्यार, ज्यात ए म्हणजे धनुष्यबाण. शेवटचे अक्षर बदलले की कोटा, तारखा आणि स्पर्धक सगळेच बदलतात. माझ्या भाच्याच्या मसुद्यातील एक आकडा बंदुकीच्या हंगामातला निघाला. अशी एक चूक वाचणाऱ्याच्या नजरेस पडली, की उरलेल्या बरोबर वाक्यांचेही वजन जाते.

वाटणीचे आकडे आणि रांगेचे गणित

न्यू मेक्सिकोत सोडतीतील परवान्यांपैकी ८४ टक्के रहिवाशांना, १० टक्के व्यावसायिक वाटाड्याशी करार केलेल्यांना आणि ६ टक्के इतर परराज्यीयांना जातात. ॲरिझोनात परराज्यीयांची कमाल मर्यादा १० टक्के आहे, तर वायोमिंगमध्ये मर्यादित कोट्यातील एल्क परवान्यांपैकी १६ टक्के त्यांच्यासाठी असतात. कोलोराडोने रहिवासी आणि परराज्यीय यांच्यातली आपली बरीच वर्षांची ६५-३५ ही वाटणी बदलून ७५-२५ केली. आयडाहोने परराज्यीयांचे सर्वसाधारण एल्क परवाने १२,८१५ वर बांधले होते. ते डिसेंबरच्या आरंभी पहिल्या येणाऱ्यास पहिला या न्यायाने जात आणि २०२६ च्या हंगामापासून तिथेही सोडत आली.

कोमुनिदादीची, म्हणजे गोव्यातल्या गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची, जोण (उत्पन्नातला वाटा) ज्याच्या घरात येते त्याला या वाटणीचे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. गावकाराला जोण जन्माने मिळते, बाहेरच्याने मानशीच्या (बांधाच्या दरवाजाच्या) पावणीत, म्हणजे लिलावात, बोली लावावी. फरक इतकाच, की अमेरिकेतील राज्याचे गावकारपण फारच स्वस्त आहे. आपल्याकडे सरकारी नोकरीसाठी मामलेदाराकडून पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणावा लागतो. कोलोराडोत शिकारीपुरते रहिवासी होण्यास सलग सहा महिने पुरतात आणि वायोमिंगमध्ये एक वर्ष लागते. हे सहा महिने अर्ज करण्याच्या आधी पूर्ण झालेले असावे लागतात. भाचा टेक्सासहून नोव्हेंबरात कोलोराडोत आला आणि मार्चमध्ये त्याने रहिवासी म्हणून अर्ज भरला. सोडतीची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते, त्याआधी चूक लक्षात आली म्हणून अर्ज मागे घेता आला. वास्तव्याबद्दल खोटी माहिती देणे तिथे गुन्हा आहे आणि चुकून लिहिले हे पटवून देणे सोपे नसते. ज्यांची मुले नुकतीच राज्य बदलून गेली आहेत त्यांनी ही तारीख बोटांवर मोजून पाहावी.

टक्केवारीपेक्षा अवघड आहे ते पॉइंटांचे गणित. कोलोराडोत पहिल्या पसंतीचा परवाना मिळाला नाही की एक पॉइंट जमा होतो, अधिक पॉइंटवाल्याला आधी परवाना मिळतो आणि पहिली पसंती लागली की साठा शून्यावर येतो. समजा, एखाद्या विभागात दरवर्षी २० परवाने निघतात आणि सर्वाधिक पॉइंट असलेले ४०० जण थांबलेले आहेत. तेवढेच संपायला २० वर्षे लागतील. आज एक पॉइंट घेऊन उभा राहिलेला माणूस त्यांच्यामागे आहे, त्याच्यामागे दरवर्षी नवे येत आहेत आणि पुढच्यांचे पॉइंटही दरवर्षी एकेकाने वाढत आहेत. म्हणून मागील वर्षी १२ पॉइंटांना परवाना मिळाला, तर मला अकरा आहेत, पुढच्या वर्षी मिळेल, हा हिशेब बहुधा फसतो. न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत; दरवर्षी सर्वांची चिठ्ठी सारखी. माझ्या मते परवाने थोडे आणि मागणी प्रचंड असेल तिथे तीच पद्धत कमी क्रूर आहे, पण बारा वर्षे पॉइंट जमवलेल्या माणसाला हे पटण्याची मी अपेक्षा करत नाही.

तिरंदाजांची मते ऐकताना

सगळे तिरंदाज एका बाजूला आहेत असे समजू नये. रहिवासी म्हणतो, माझ्या दाराशी असलेल्या रानात सप्टेंबरात पाय ठेवायला जागा नाही. परराज्यातला म्हणतो, ही राने बहुतांशी केंद्र सरकारच्या जमिनीवर आहेत, म्हणजे माझीही आहेत. शिवाय रहिवाशाच्या कित्येक पट शुल्क मी भरतो आणि खात्याचा गाडा माझ्या पैशांवर चालतो. पैशांचा हा मुद्दा पोकळ नाही, परराज्यीय कमी केले की उत्पन्नाची खोट कुठून भरणार हे राज्यालाही सांगावे लागते. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील करातून वन्यजीवांसाठी निधी मिळतो, १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्य-बाणांचा करही त्यात आला आणि हा कर भरताना कोणी कोणत्या राज्याचा हे पाहत नाही.

तिसरा सूर पारंपरिक धनुष्यवाल्यांचा. आम्हा दहा जणांत जेमतेम एकाला एल्क मिळतो, मग बंदूकवाल्यांच्या आधी आमच्यावर मर्यादा का, असे ते विचारतात. हे ऐकताना मला किनाऱ्यावरून जाळे ओढणारे आपले रापणकार आठवले. ट्रॉलर आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध त्यांचेही म्हणणे हेच असते, की आमच्या जाळ्यात येते किती आणि नियम दाखवता कोणाला. मात्र तिरंदाजांच्या बाबतीत दोन गोष्टी विसरू नयेत. हजारोंच्या संख्येने शिकारी उतरले तर दहांत एक हादेखील मोठा आकडा होतो. आणि बाण लागून निसटलेले, रानात मेलेले जनावर परवान्याच्या हिशेबात येत नाही. या दुसऱ्या गोष्टीबद्दल तिरंदाज आपसांत जितके मोकळेपणाने बोलतात तितके आयोगापुढे बोलत नाहीत.

आणखी एक भीती रहिवाशांतच आहे, की आज बाहेरच्यांवर आलेली मर्यादा उद्या आपल्यावर येईल. भाच्याच्या तिसऱ्या परिच्छेदाचा उगम इथे होता. ती भीती निराधार नाही, पण तिला वेगळे पत्र लागते.

मत नोंदवताना

हक्काची भाषा टाळावी. मोंटानात १९७६ साली रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळे आणि परराज्यीयाला २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ मध्ये न्यायालयाने सांगितले, की दुसऱ्या राज्यात जाऊन एल्कची शिकार करणे हा घटनेने राखलेला मूलभूत हक्क नाही. पुढे ॲरिझोनाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेला एका केंद्रीय अपील न्यायालयाने धक्का दिला, तेव्हा संसदेने २००५ मध्ये कायदा करून रहिवासी-परराज्यीय भेद करण्याची राज्यांची मुभा पक्की केली. तेव्हा तुम्हाला अधिकारच नाही, हे वाक्य आयोगाचे सदस्य वाचतात आणि पुढचे पान उलटतात.

त्याऐवजी पत्र एका मर्यादेपुरते ठेवावे. विभाग, हंगाम आणि हत्यार पहिल्या ओळीत यावे. आपण रहिवासी आहोत की नाही हे लपवू नये. स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट तारीख आणि जागेसह लिहावी आणि शेवटी मागणी आकड्यात करावी : कोटा किती असावा, किंवा कोणाचा वाटा किती. कोलोराडोत हंगामांची रचना पाच वर्षांसाठी ठरते, सध्याची २०२५ ते २०२९ अशी आहे. त्यामुळे हंगामाच्या रचनेबद्दल मधल्या वर्षी पाठवलेले पत्र बहुधा फाइलला लागून राहते. कळपाच्या आराखड्यांवर मात्र वेगवेगळ्या वेळी सूचना मागवल्या जातात आणि कोट्याचा पाया त्या आराखड्यातच असल्याने तिकडे लिहिलेले अधिक उपयोगी पडते.

भाच्याचे दोन पानी पत्र अखेर अकरा ओळींवर आले. नळी फुंकणाऱ्या गृहस्थाचा प्रसंग त्यात ठेवला, तिसरा परिच्छेद काढला. अवघड विभागाच्या सोडतीतही त्याने यंदा अर्ज केला आहे. तिथे नाव लागले नाही तर चवथीला येशील ना, असे त्याच्या आईने विचारले. पण रहिवाशांसाठी थेट मिळणारा परवाना अजून चालू आहे, हे मी आता तिला कसे सांगू?