इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या दोन इंटर्नशिप हाती असताना निवड कशी करावी

मुंबईतल्या दोन इन्व्हेस्टमेंट बँकांकडून उन्हाळी इंटर्नशिपची ऑफर एकाच आठवड्यात आली, की विद्यार्थी आधी स्टायपेंड पाहतात आणि मग बँकेचे नाव. स्टायपेंड दोन-अडीच महिन्यांचाच असतो आणि त्यातला फरक बहुधा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या आसपासच्या घरभाड्यातच जिरतो, म्हणून त्यावर फार खल करू नये. नावाचा मोह अधिक फसवा असतो, कारण एकाच नावाखाली अगदी वेगवेगळी कामे चालतात.

म्हणून ऑफरपत्रात कंपनीचे पूर्ण नाव आणि विभाग आधी वाचावा. अनेक परदेशी बँकांची मुंबईत व बेंगळुरूत मोठी केंद्रे आहेत, जिथून लंडन-न्यूयॉर्कच्या चमूंना सादरीकरणे आणि मूल्यांकनाचे तक्ते तयार करून दिले जातात. त्या कामात एक्सेलवर हात पक्का बसतो, परंतु ग्राहक कंपनीशी संबंध क्वचितच येतो. हुद्दा मात्र अशा केंद्रात आणि प्रत्यक्ष व्यवहार करणाऱ्या विभागात, दोन्हीकडे ‘अॅनालिस्ट’ असाच लिहिलेला असू शकतो.

विभाग भागविक्रीचा असेल, तर पडताळणीचे उत्तम साधन सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. तिथे आयपीओंच्या, म्हणजे कंपन्यांच्या पहिल्या जाहीर भागविक्रीच्या, माहितीपत्रकांचे मसुदे (डीआरएचपी) ठेवलेले असतात. ज्या भागविक्रीत एकाहून अधिक लीड मॅनेजर, म्हणजे ती विक्री हाताळणाऱ्या बँका, असतात, तिच्या मसुद्यातील ‘सर्वसाधारण माहिती’च्या प्रकरणात त्यांच्यातील कामाच्या वाटपाचा तक्ता येतो. ‘जबाबदारी’च्या रकान्यात बहुतेक वेळा सगळ्यांचीच नावे असतात; वाचायचा तो ‘समन्वयक’ हा रकाना. ज्या बँकेकडे कंपनीची तपासणी आणि मसुदालेखन यांचे समन्वयन वारंवार येते, तिथे इंटर्नला मसुद्यातल्या प्रत्येक विधानाचा पुरावा, म्हणजेच ‘बॅकअप’, गोळा करावा लागतो. काम कंटाळवाणे खरे, पण कंपनी आतून कशी चालते हे त्यातूनच कळते. केवळ जाहिराती किंवा किरकोळ गुंतवणूकदारांपर्यंतचा प्रचार सांभाळणाऱ्या बँकेत ही संधी कमी मिळेल. विलीनीकरण-अधिग्रहणाच्या विभागाला असा तक्ता नसतो, आणि व्यवहारांच्या रकमेवरून बँकांचा क्रम लावणाऱ्या याद्यांवर विसंबू नये, कारण एका व्यवहारात चार सल्लागार असले तरी संपूर्ण रक्कम बहुधा प्रत्येकाच्या खात्यावर मांडली जाते.

त्यानंतर गेल्या वर्षीच्या इंटर्नशी बोलावे. कंपनीच्या मूल्यांकनाचे एक्सेल मॉडेल स्वतः बांधायला मिळाले का, कोणाच्या हाताखाली काम केले, किती जणांना प्री-प्लेसमेंट ऑफर, म्हणजे इंटर्नशिपवरूनच कायम नोकरीची ऑफर, मिळाली आणि ती त्याच चमूत होती का, एवढे विचारावे. चालू व्यवहारांची नावे मात्र विचारू नयेत. आतल्या, अप्रकाशित माहितीचा गैरवापर रोखणाऱ्या सेबीच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांमुळे समोरच्याला ती सांगता येत नाहीत, आणि विचारणाऱ्याची समज तिथेच उघडी पडते.

माझा कल स्पष्ट आहे: मोठ्या नावाच्या बँकेच्या, परदेशी चमूंना तक्ते पुरवणाऱ्या केंद्रापेक्षा, ज्या लहान संस्थेत चार जणांचा चमू अख्खा व्यवहार तडीस नेतो, ती निवडावी. नोकरी पुढे परदेशात करायची असेल तर हा हिशेब बदलू शकतो.

काही संस्थांमध्ये कॅम्पसवर मिळालेली पहिली ऑफर बंधनकारक असते, तेव्हा प्लेसमेंट समितीचा नियम आधी पाहावा. नियम आड येत नसेल, तर उत्तरासाठी नेमकी तारीख सांगून मुदत मागावी. निर्णय झाला, की ज्यांनी मुलाखत घेतली त्यांना त्याच दिवशी फोन करून दुसरी ऑफर नाकारावी, म्हणजे प्रतीक्षायादीतल्या विद्यार्थ्याला ती जागा वेळेत मिळेल.