सीनियर गोल्फपटूची कारकीर्द कशी वाचावी

मराठी पेपरच्या क्रीडा पानावर सीनियर गोल्फच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. अमेरिकेत रविवारी संध्याकाळी स्पर्धा संपते तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट होत आलेली असते. अंक छापून गेलेला असतो, आणि मंगळवारपर्यंत बातमी शिळी होते. निवृत्त होईपर्यंत मी ती एक ओळ लावत आले आणि तिच्या मागचं सगळं घरी एका लांब रजिस्टरमध्ये लिहीत आले. पन्नाशीनंतर खेळणाऱ्या या लोकांवर माझा जीव आहे. "यातला मोठा कोण?" असं ओळखीचे लोक विचारतात, तेव्हा उत्तर काढायची माझी जी रीत आहे, ती इथे सांगते.

आधी पानावर रकाने आखा: स्पर्धा, वर्ष, त्या दिवशीचं खेळाडूचं वय, मेजर (मानाच्या मोजक्या मोठ्या स्पर्धांपैकी एक) की साधी, किती राउंड (एक राउंड म्हणजे एका दिवसाचे 18 होल), दुसरा कोण आला. विजयांची बेरीज शेवटी करायची. वयाचा रकाना मात्र एकदाही रिकामा सोडू नका. पन्नासाव्या वर्षी मिळालेला विजय आणि पासष्टाव्या वर्षी मिळालेला विजय बेरजेत सारखेच दिसतात, पण त्यांचं वजन सारखं नसतं. पन्नाशी गाठून नुकताच आलेला खेळाडू सीनियर टूरवरचा, म्हणजे पन्नाशीपुढच्यांच्या स्पर्धामालिकेतला, तरुण असतो आणि दरवर्षी असे नवे तरुण येत राहतात. म्हाताऱ्याला त्यांच्याशी खेळायचं असतं.

टूरची ओळख थोडक्यात. अमेरिकेतली ही टूर 1980 मध्ये सीनियर पीजीए टूर म्हणून सुरू झाली, 2003 मध्ये चॅम्पियन्स टूर झाली आणि 2016 पासून पीजीए टूर चॅम्पियन्स आहे. नावं तीन, टूर एकच. त्यामुळे जुन्या-नव्या बातम्या वाचताना गोंधळू नका. बहुतेक स्पर्धा तीन दिवसांच्या, म्हणजे 54 होलच्या असतात आणि बहुतेकांत कट, म्हणजे मागे पडलेल्यांना मध्येच बाहेर काढणं, नसतो. मेजर चार दिवसांच्या, 72 होलच्या. राउंडचा रकाना त्यासाठीच. तीन दिवसांत पहिला दिवस बिघडला तर सावरायला वेळच उरत नाही, आणि चार दिवसांत साठीचे पाय बोलायला लागतात.

आता दोन पानं शेजारी ठेवू: हेल अर्विन आणि बर्नहार्ड लँगर.

अर्विनने तीनदा यूएस ओपन, म्हणजे सगळ्या वयांची एक मेजर, जिंकली, तिसरी 1990 मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. 1995 मध्ये तो सीनियर झाला आणि 2007 पर्यंत त्याने 45 स्पर्धा जिंकल्या. एकट्या 1997 मध्ये नऊ! त्याच्या पानावर पन्नाशीतल्या ओळींची दाटी आहे. साठीनंतर ओळी विरळ होतात आणि एकसष्टाव्या वर्षी थांबतात. तेही थोर आहे. त्याचा आकडा कुणी गाठेल असं वर्षानुवर्षं वाटत नव्हतं.

लँगर 1985 आणि 1993 चा मास्टर्स (तशीच एक मेजर) विजेता, जर्मनीचा. 2007 मध्ये पन्नास पूर्ण होताच आला आणि त्याच वर्षी पहिला विजय. तेव्हापासून 2024 पर्यंत एकही वर्ष त्याने कोरडं जाऊ दिलं नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याने अर्विनची बरोबरी केली. जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधल्या सेंट्रीवर्ल्डवर यूएस सीनियर ओपन जिंकून तो 46 वर गेला, तेव्हा वय पासष्ट. इतक्या वयात सीनियर मेजर तोवर कुणी जिंकली नव्हती. पुढच्या फेब्रुवारीत पिकलबॉल खेळताना टाचेवरचा स्नायूबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली. सदुसष्टाव्या वर्षी माणूस यानंतर जपून चालतो. हा नोव्हेंबरमध्ये फीनिक्सला शेवटच्या होलवर लांबचा पट (चेंडू जमिनीवरून होलात ढकलण्याचा फटका) घालून एका स्ट्रोकने, म्हणजे एका फटक्याने, जिंकला. 47.

एकूण विजयांच्या यादीत हे दोघे जवळजवळ बरोबरीचे आहेत. वयाचा रकाना भरून पाहा: लँगरच्या साठीनंतरच्या विजयांची संख्या डझनाहून जास्त भरते. मला विचाराल तर या टूरवर यापेक्षा मोठी गोष्ट झालेली नाही.

फीनिक्सच्या त्या रविवारी आणखी एक धडा होता. स्पर्धा लँगरने जिंकली, पण वर्षभराचा चार्ल्स श्वाब चषक स्टीव्हन अल्करला मिळाला. स्पर्धेचा विजेता आणि हंगामाचा विजेता वेगळे असू शकतात. स्पर्धेच्या नावातही श्वाब, चषकाच्या नावातही श्वाब, त्यामुळे घाईत लिहिणाऱ्याकडून दोन्ही एकत्र होतात. रजिस्टरमध्ये हंगामाच्या चषकाला वेगळी जागा द्या. लँगरचे असे सहा आहेत.

मेजर मोजताना फार सांभाळायचं. आज मेजर पाच आहेत: ट्रॅडिशन, सीनियर पीजीए, यूएस सीनियर ओपन, सीनियर प्लेअर्स आणि सीनियर ओपन. ही यादी पहिल्यापासून अशी नव्हती. सीनियर पीजीए 1937 ची, ट्रॅडिशन 1989 ची. ब्रिटनमधली सीनियर ओपन 1987 पासून खेळली जाते, पण अमेरिकी टूरने तिला मेजरचा दर्जा दिला 2003 मध्ये. गॅरी प्लेअरने ती 1988, 1990 आणि 1997 मध्ये जिंकली. म्हणून कुठे त्याच्या नावावर सहा सीनियर मेजर दिसतात, कुठे नऊ. दोन्ही आकडे लिहा आणि शेजारी कारण लिहा. ज्या दिवशी प्लेअरने त्या जिंकल्या त्या दिवशी समोरचे खेळाडू आणि वारा खराच होता, त्यामुळे मी स्वतः नऊच धरते. लँगरच्या बारा मेजर मात्र कुठल्याही मोजणीने बाराच. पाचही वेगवेगळ्या मेजर जिंकणारा तो पहिला.

वयाची अट बदलली तरी नोंद करा. 1980 ची पहिली यूएस सीनियर ओपन 55 वर्षांवरच्यांसाठी होती; ती अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विसेन्झोने जिंकली. पन्नाशी ओलांडलेल्या आर्नल्ड पामरला तिथे प्रवेशच नव्हता. पुढच्या वर्षी अट 50 वर आणली आणि पामर जिंकला.

यानंतर पान उलटा आणि पन्नाशीच्या आधीचं लिहा. माझी आवडती माणसं इथे सापडतात. ॲलन डॉयल शेहेचाळिसाव्या वर्षी व्यावसायिक झाला. तोवर जॉर्जियातल्या लाग्रेंज गावात त्याची ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे फटक्यांच्या सरावाचं मैदान, होती. त्याचा स्विंग आखूड, हॉकीची स्टिक फिरवल्यासारखा; पाहणाऱ्याला वाटावं, चेंडू पोचणार कसा? 2005 च्या यूएस सीनियर ओपनला शेवटच्या दिवशी सकाळी तो नऊ स्ट्रोक मागे होता. फक्त 63 फटक्यांत तो राउंड पुरा केला आणि जिंकला. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. न्यूझीलंडचा अल्करही तसाच: मुख्य पीजीए टूरवर एकही विजय नाही, 2021 मध्ये सोमवारच्या पात्रता फेरीतून सीनियर टूरवर शिरला, आणि 2022 मध्ये सीनियर पीजीए जिंकून हंगामाचा चषकही घेऊन गेला. अशा माणसाच्या पानाचा पूर्वार्ध जवळजवळ कोरा असतो. त्या कोऱ्या जागेला कमीपणा समजू नका. उत्तरार्ध किती अवघड होता ते तीच सांगते.

बक्षिसाच्या रकमेवर मी कारकीर्द तोलत नाही, कारण दर दशकात रक्कम फुगत जाते. रक्कम वाचायचीच तर त्याच वर्षातल्या दुसऱ्या कुणाशी तुलना करून वाचा. 1990 मध्ये ली ट्रेव्हिनो सीनियर टूरवर नवा होता. त्याने सात स्पर्धा जिंकल्या आणि दहा लाख डॉलरच्या वर कमावले, म्हणजे त्या वर्षी मुख्य टूरवर कमाईत पहिल्या आलेल्या ग्रेग नॉर्मनपेक्षाही जास्त.

काही गोष्टी अधिकृत बेरजेत येत नाहीत, पण पानावर आल्याच पाहिजेत. डिसेंबर 2024 मध्ये लँगर आणि त्याचा मुलगा जेसन यांनी कुटुंबांच्या पीएनसी स्पर्धेत टायगर आणि चार्ली वूड्स या बापलेकांना प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवायच्या जादा खेळात) हरवलं. हा विजय त्या 47 मध्ये धरायचा नाही. युरोपच्या लेजंड्स टूरचे (तिकडच्या सीनियर टूरचे) विजयही अमेरिकेच्या बेरजेत मिसळू नका. आपले भारतीय गोल्फपटू जीव मिल्खा सिंग आणि ज्योती रंधावा तिथे खेळतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र पान ठेवा.

आणि टॉम वॉटसनच्या पानावर समासात टर्नबेरी (स्कॉटलंडमधलं मैदान) 2009 लिहा. सीनियर टूरवर त्याचे 14 विजय, त्यात सहा मेजर. याच टर्नबेरीवर 2003 ची सीनियर ओपन. पण मी सांगते आहे ती ब्रिटनमधली खरी ओपन, सगळ्या वयांची. वय एकोणसाठ, आदल्या ऑक्टोबरमध्ये खुब्याचा सांधा बदललेला. बहात्तराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) साधला असता तर सहावी ओपन त्याची होती. आठ नंबर आयर्नचा (लोखंडी काठीचा) फटका चांगला लागला, चेंडू होलभोवतीच्या टणक ग्रीनवरून पुढे घरंगळला. तिथून पटरने आणला तो होलपासून काही फूट लांब राहिला आणि पुढचा पट हुकला. चार होलच्या प्लेऑफमध्ये स्ट्यूअर्ट सिंक जिंकला. विजयांच्या कुठल्याही यादीत हा आठवडा नाही. वयाच्या रकान्यात 59 लिहा, निकालाच्या रकान्यात दुसरा क्रमांक.