दहावीनंतर कॉम्प्युटरच्या दुकानात काम धरायचं तर

दहावीचा शेवटचा पेपर झाला की अकरावीचं अॅडमिशन होईपर्यंत चांगले दोन-अडीच महिने हातात असतात, पहिले आठ दिवस झोपण्यात न् क्रिकेटमध्ये घालव, कोणी काय बोलणार नाही, पण नंतर काम शोधायचंच असेल तर मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालण्यापेक्षा कॉम्प्युटरचं दुकान बघ. पैसे कदाचित कमी मिळतील. पण क्लासमधला पीसी कधी उघडायलाच देत नाहीत, इथे रोज उघडावा लागतो.

झेरॉक्स-डीटीपीवाली (कॉम्प्युटरवर पत्रिका, मजकूर मांडून देणारी) दुकानं स्टेशनबाहेर सापडतातच. रिपेअरिंग शिकायचं असेल तर मुंबईत ग्रँट रोडला ईस्टला उतरून लॅमिंग्टन रोड गाठ (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, त्या नावाने विचारलंस तर लोक तोंडाकडे बघत बसतील). रविवारी जाऊ नको, बहुतेक शटर बंद. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, गर्दी नसते, आणि "काम आहे का" एवढंच न विचारता "शेठ, सुट्टीत दोन महिने यायला जमेल, टायपिंग येतं, बाकी शिकायचंय" असं एका दमात सांगून टाक.

वयाचं आधी बघ. १४ वर्षांखाली कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे. १४ ते १८ मध्ये धोक्याचं काम सोडून बाकी चालतं, पण मधली सुट्टी धरून दिवसाला ६ तासच, संध्याकाळी ७ नंतर नाही आणि ओव्हरटाइम तर नाहीच, हे दुकानदार स्वतःहून सांगणार नाही.

पहिला आठवडा झाडू, चहा आणि स्टेपलर. चिडू नको, बघत राहा. मी नवीन असताना डीडीआर थ्रीची रॅम (जुन्या पिढीची) डीडीआर फोरच्या (नव्या पिढीच्या) स्लॉटमध्ये जोर लावून बसवत होतो, शेठने मागून टपली मारली, म्हणाला आधी खाच बघ ना रे. दोघींची खाच वेगळ्या जागी असते. बरोबरची असेल तर अंगठ्यांनी दोन्ही टोकं दाबली की टक्कन बसते. आणि पीसीचं घड्याळ सारखं मागे जात असेल तर मदरबोर्ड गेला म्हणून गिऱ्हाइकाला घाबरवू नको, आधी सीआर २०३२ चा गोल सेल बदलून बघ, स्वस्तात काम होतं.

डीटीपीत खरी डोकेदुखी फॉन्टची. गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवतं, तो असतो युनिकोडमध्ये (मोबाइलवर टाइप होतं ते), दुकानातली जुनी डिझाइनं श्रीलिपीत (जुन्या पद्धतीचे फॉन्ट, अक्षरांचे कोड वेगळे), पेस्ट केलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं. मग कन्व्हर्टरमधून काढायचं, पण त्यावर डोळे मिटून विश्वास नको, रफार आणि जोडाक्षरं एकेक वाचून बघ, नवऱ्यामुलाच्या वडिलांच्या 'सूर्यकांत'चा रफार उडाला तर अख्खा गठ्ठा परत छापायला लागतो आणि तो कुणाच्या पगारातून जाईल ते सांगायला नको.

लोक आधार, पॅन, मार्कशीट बिनधास्त देऊन जातात. प्रिंट झाली की फाइल डिलीट, रिसायकल बिनही रिकामा, त्यांचं व्हॉट्सअॅप वेब उघडं राहिलं असेल तर लॉगआउट. ओटीपी त्यांचा त्यांनाच टाकू दे.

पगाराचं पहिल्याच दिवशी बोल, शक्यतो आठवड्याला माग. आणि घरबसल्या डेटा एंट्रीचे मेसेज येतात ना, आधी रजिस्ट्रेशन फी भरा वाले, ते सरळ ब्लॉक कर.