योसेफाची गोष्ट सांगताना या चुका टाळा

क्षमा शिकवायची म्हटली की शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, हमखास बायबलमधला योसेफ निघतो (उत्पत्ती हे पुस्तक, अध्याय ३७ ते ५०): भावांनी विकलेला, पुढे मिसरात (इजिप्तमध्ये) मोठा अधिकारी झालेला आणि दुष्काळात धान्यासाठी आलेल्या त्याच भावांना माफ करणारा. निवड उत्तमच आहे. पण पाऊण तासात सगळी गोष्ट उरकायची म्हणून झगा, खड्डा, तुरुंग, राजवाडा, गळाभेट अशी पळापळ होते. मुलं घरी काय नेतात? भाऊ वाईट वागले आणि योसेफाने त्यांना लगेच माफ केलं. यातलं 'लगेच' आपण घातलेलं असतं, गोष्टीत ते नाही.

मधली वर्षं गाळणं

विकला गेला त्या सुमारास योसेफ १७ वर्षांचा, फारोपुढे (मिसरच्या राजापुढे) उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा. मग सुकाळाची ७ वर्षं आणि दुष्काळाची २. म्हणजे भावांना ओळख दिली ती साधारण २२ वर्षांनी. फळ्यावर आडवी रेघ ओढा, तिच्यावर १७, ३० आणि ३९ लिहा आणि चारही रविवार ती पुसू नका. हो, चार रविवार लागतातच: अध्याय ३७, मग ३९ ते ४१, मग ४२ ते ४४, शेवटी ४५ ते ५०. योसेफाचा मालक पोटीफर याच्या बायकोचा भाग लहान गटाला "त्याच्यावर खोटा आळ आला" एवढ्यात पुरतो.

झगा रंगवण्यात तास घालवणं

मुलं रमतात, पण त्यांच्या लक्षात झगाच राहतो. त्यापेक्षा विचारा, "बारा मुलगे असताना बाबांनी झगा एकालाच का दिला?" बाबांची, म्हणजे याकोबाची, चूक झाकू नका, भेदभाव म्हणजे काय हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. योसेफ आणि सर्वांत धाकटा बन्यामीन राहेलचे, बाकी दहा इतर तीन आयांचे. वर्गात सावत्र भावंडं असलेलं एखादं मूल असतं, म्हणून "सावत्र होते ना, म्हणून भांडले" असं चुकूनही म्हणू नका. रऊबेनही सावत्रच होता, आणि "रक्त सांडू नका" म्हणून योसेफाचा जीव वाचवणारा तोच.

४४वा अध्याय वगळणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. चांदीच्या प्याल्याचा प्रसंग (योसेफ ओळख न देता आपला प्याला बन्यामीनच्या धान्याच्या गोणीत लपवायला लावतो आणि मग झडती घेववतो) किचकट वाटतो म्हणून गाळला जातो, आणि क्षमेचा गाभा तिथेच आहे. ११ कागदी पिशव्या घ्या, प्रत्येकीत मूठभर गहू घाला आणि अकराव्या पिशवीत एक छोटा स्टीलचा पेला लपवा. शास्त्रात झडती थोरल्यापासून धाकट्यापर्यंत होते, त्याच क्रमाने एकेका मुलाला पिशवी उघडायला लावा. पेला बन्यामीनच्या पिशवीत सापडला की थांबा. आता सांगा: "बाकीचे दहा मोकळे आहेत. घरी जाऊ शकतात. बाबांचा लाडका पुन्हा परदेशात गुलाम होणार. तुम्ही काय कराल?" उत्तरं येऊ द्या, घाई करू नका. मग भावांपैकी यहूदाचं बोलणं वाचा. "योसेफाला विकून टाकू" असं सुचवणारा यहूदाच होता. आता तोच म्हणतो, याच्याऐवजी मला गुलाम म्हणून ठेवा. योसेफाला रडू आवरलं नाही ते हे ऐकून. भाऊ बदलले की नाहीत हे त्याने आधी पाहिलं. मोठ्या गटाला इथे सांगता येतं की माफ करणं आपल्या हाती असतं. विश्वास मात्र समोरच्याचं वागणं पाहून हळूहळू परत बसतो.

"सॉरी म्हण, गळ्यात पड"

वर्गात भांडण झालं की आपण हेच करायला लावतो. ४३व्या अध्यायात योसेफ बन्यामीनला पाहून आतल्या खोलीत जातो, रडतो, तोंड धुतो, स्वतःला सावरतो आणि मगच बाहेर येतो. मुलालाही तेवढा वेळ द्या: दहा मिनिटं वेगळं बसू दे, पाणी पिऊ दे. आधी "तुला कशाचं वाईट वाटलं?" हे विचारा, माफीचं मागाहून. जुलमाने म्हटलेली सॉरी मधल्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही.

दुखावलेल्या मुलाला गप्प बसवणं

"देवाने वाइटातून चांगलं केलं" हे वाक्य जपून वापरा. ५०:२० मध्ये (अध्याय ५०, वचन २०) योसेफ भावांनी केलं ते वाईटच होतं असं आधी स्पष्ट म्हणतो. या पाठानंतर एखादं मूल घरातल्या माराविषयी किंवा कुणाच्या नकोशा स्पर्शाविषयी बोललं, तर त्याला क्षमेचं वचन ऐकवू नका. शांतपणे ऐका, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, सगळ्यांसमोर खोदून विचारू नका. ही गोष्ट गुप्त ठेवीन असं वचनही देऊ नका. त्याच दिवशी मंडळीतल्या (चर्चमधल्या) जबाबदार व्यक्तीला सांगा आणि चाइल्डलाइनला १०९८ वर फोन करा.

गळाभेटीवर थांबणं

याकोब मिसरात १७ वर्षं राहून वारला, आणि भाऊ पुन्हा घाबरले: आता योसेफ सूड घेईल! एवढ्या वर्षांनंतरही त्यांना माफी खरी वाटत नव्हती. योसेफ रडला, आणि तुमचं व तुमच्या मुलाबाळांचं पोषण मी करीन म्हणाला. चौथ्या रविवारी निदान दहा मिनिटं याला ठेवा. "माफ केलं म्हणालास, मग परवा परत का काढलंस?" हे मुलांचं रोजचं भांडण असतं, आणि ते इथे बोलता येतं.