ट्रॅकवर जायच्या आधी ब्रेकची एअर काढताना

पहिल्या ट्रॅक डेची, म्हणजे स्वतःची गाडी रेसट्रॅकवर चालवायच्या दिवसाची, तयारी बहुतेक जण टायरपासून सुरू करतात. ब्रेकचं काय, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : सर्व्हिसिंगला पॅड बघितले होते, निम्मे शिल्लक आहेत. मग चौथ्या-पाचव्या लॅपला सरळ रस्त्याच्या टोकाला पाय खाली जातो आणि पेडल ओल्या स्पंजासारखं लागतं. पॅड निम्मे शिल्लक असतातच. उकळलेलं असतं ते ब्रेक ऑइल.

असं का होतं, याचा हिशेब अवघड नाही. ११०० किलोची हॅचबॅक ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणली की साधारण ८०० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास भार पुढचे ब्रेक घेतात. पुढच्या दोन डिस्क मिळून दहा किलो लोखंड धरलं, तर एकाच ब्रेकिंगमध्ये त्या शंभर-सव्वाशे अंशांनी तापतात. निवायला मिळतात पुढच्या वळणापर्यंतचे काही सेकंद. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किलोमीटरभराहून लांब सरळ रस्त्यानंतर जोरात थांबावं लागतं; चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर वेग थोडा कमी, पण ब्रेकिंग लवकर लवकर येतं. कोइम्बतूरचा करी स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा, तिथे तर डिस्कला दम खायला जागाच नाही. खंडाळ्याच्या घाटात उतरताना ब्रेक तापतात हे आपल्याला माहीत असतं, पण घाटात गिअर खाली घेऊन इंजिनवर गाडी धरता येते. ट्रॅकवर सगळा भार पेडलवर.

ही उष्णता पॅडमधून त्याला दाबणाऱ्या पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑइलला पोचते. ऑइल हे गॅरेजचं नाव. खनिज तेलाशी त्याचा संबंध नाही. डॉट म्हणजे त्याची प्रत; डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ ही सगळी ग्लायकॉल जातीची आहेत आणि हवेतली ओल शोषून घेतात. डॉट ४ ला कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस उत्कलनबिंदू लागतो, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर किमान १५५. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. म्हणजे मुंबईचे किंवा कोकणातले दोन पावसाळे काढलेलं डॉट ४ घेऊन ट्रॅकवर उतरणं हा जुगार आहे. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. तुमच्या पायाचा सगळा जोर ते बुडबुडे चेपण्यात जातो.

रेसिंगचं ऑइल घ्यायचं म्हणजे याच ग्लायकॉल जातीतलं, पण जास्त तापमान सोसणारं. मोटुल आरबीएफ ६०० चा कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे, आणि रस्त्यावरच्या गाडीने वर्षातून दोन-चारदा ट्रॅकवर जाणाऱ्याला तेवढं पुरेसं होतं. कॅस्ट्रॉल एसआरएफ महाग असतं. ओल शिरल्यावरही त्याचा उत्कलनबिंदू फारसा खाली येत नाही, त्यासाठी हे पैसे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नाव ५.१ च्या शेजारचं असलं तरी जात वेगळी, ते यात मिसळायचं नाही. आणि सील फुटलेली अर्धी बाटली पुढच्या सीझनसाठी कपाटात ठेवायची नाही. झाकण घट्ट असलं तरी आतल्या हवेत ओल असतेच.

आता प्रत्यक्ष काम, म्हणजे जुनं ऑइल आणि त्यातली हवा काढून नवं भरणं. लागणारं सामान असं : अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, निपलच्या (ब्रेकमधून ऑइल आणि हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या बोल्टच्या) मापाचा सहा कोनी रिंग पाना (बहुतेक गाड्यांना ८, १० किंवा ११ मिमी), निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, तळाशी थोडं नवं ऑइल घातलेली काचेची बरणी, औषधाच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंज, जॅक, चार घोड्या (उचललेली गाडी धरून ठेवणारे स्टँड), ब्रेक क्लीनर, हातमोजे, गॉगल, आणि शेजारी पाण्याची बादली. बादली रंगासाठी. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं. पुसून पसरवलं तर रंग फुगून सुटतो.

निपल गंजले असतील तर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. फिक्स पान्याने, म्हणजे उघड्या तोंडाच्या पान्याने, निपल सोडायला जाऊ नका. तो गोल होतो, मग पक्कड लागते, मग निपल कॅलिपरमध्येच (पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या भागात) तुटतो आणि पंधरा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

गाडी सपाट जागी घोड्यांवर, चारही चाकं बाहेर, इंजिन बंद. आधी सिरिंजने ब्रेक ऑइलच्या टाकीतलं जुनं काळपट ऑइल काढा, पण तळ उघडा पाडू नका. बोटभर ऑइल राहू द्या आणि वर नवं भरा. हे केलं नाही तर जुनं सगळं ऑइल नळ्यांमधून फिरवत बसावं लागतं आणि नव्यातलं निम्मं त्यालाच ढकलण्यात संपतं.

क्रम सहसा मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या भागापासून) सर्वांत लांबच्या चाकापासून. आपल्या गाड्यांत तो उजवीकडे असतो, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण छोट्या पुढच्या-चाक-चालित गाड्यांमध्ये ब्रेकचे दोन सर्किट तिरपे असतात, आणि काही कंपन्या मागच्या डाव्यानंतर पुढचं उजवं घ्यायला सांगतात. तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते खरं.

निपलवर आधी रिंग पाना चढवा, मग नळी. उलट केलं तर नळी काढून परत सुरुवात, आणि हे प्रत्येक जण एकदा तरी करतो. नळी निपलपासून आधी वर न्या, मग वळवून बरणीत सोडा, टोक ऑइलमध्ये बुडालेलं. बुडबुडे वर चढतात, त्यामुळे परत कॅलिपरकडे येत नाहीत.

आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबायचं आणि म्हणायचं, "दाबलं." बाहेरच्याने निपल पाव ते अर्धा वळसा सोडायचा. पेडल खाली जातं, ऑइल नळीत येतं. पेडल खालीच धरलेलं असताना निपल बंद करायचा आणि मगच म्हणायचं, "सोड." या दोन शब्दांपलीकडे गप्पा नकोत. "सोड" ऐकू यायच्या आधी पाय उचलला गेला की निपलमधून हवा आत ओढली जाते, आणि तेवढं चाक पुन्हा पहिल्यापासून.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे ते जमिनीला टेकणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे सील एवढे आत कधी जात नाहीत. जुन्या गाडीत त्या भागात गंज आणि मळ साचलेला असतो आणि त्याच्यावर सील घासले की फाटतात. काल धड असलेला मास्टर सिलिंडर एअर काढल्यावर अचानक गेला, अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं.

संपूर्ण ऑइल बदलताना मागच्या डाव्याला २०० ते २५० मिली लागतात, बाकीच्यांना शंभर-दीडशे. रंग मधासारखा स्वच्छ आला आणि बुडबुडे थांबले की त्यानंतर अजून तीन-चार वेळा दाबा. दरम्यान कॅलिपरवर रबरी हातोडीने हलके ठोके द्या, भिंतीला चिकटलेले बुडबुडे सुटतात. दर आठ-दहा दाबांनंतर टाकी बघायचीच. ती रिकामी झाली तर हवा एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये शिरते आणि तिथून ती काढायला स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. सारा दिवस एअर काढली तरी पेडल मऊच, याचं हे नेहमीचं कारण.

दुसरं कारण त्याहून गमतीचं आहे. कॅलिपर उतरवून परत बसवताना डावा-उजवा बदलला जातो. मग निपल खाली येतो, हवा वर अडकून राहते आणि लिटरभर ऑइल वाहून गेलं तरी ती हलत नाही. निपल नेहमी कॅलिपरच्या वरच्या अंगाला असला पाहिजे. फिक्स्ड कॅलिपरला (न सरकणाऱ्या, दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या) दोन निपल असतील तर दोन्हींतून काढा.

तिसरं कारण मागच्या ड्रममध्ये सापडतं. आपल्याकडच्या कितीतरी हॅचबॅकना मागे ड्रमच आहेत. शू (ड्रमला आतून दाबणारे पट्टे) आणि ड्रममध्ये फट जास्त असेल तर पेडल लांब जातं आणि सगळे हवा शोधत बसतात. दोनदा भराभर दाबल्यावर पेडल उंच आणि कडक होत असेल, तर आधी ड्रम ॲडजस्ट करून बघा.

निपल घट्ट करताना ताकद दाखवू नका. बहुतेकांना ७ ते १० न्यूटन मीटर पुरतं. रबरी टोप्या परत बसवा, निपलवर ब्रेक क्लीनर मारून कोरडं करा म्हणजे गळती लगेच दिसेल. मग इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून तीस सेकंद धरा. सावकाश खाली बसत असेल आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचे सील आतून सोडत आहेत. पेडल दाबलेलंच ठेवून इंजिन सुरू केलं की ते किंचित खाली यायला हवं. सर्वो, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर, काम करतोय याची ती खूण.

पॅडबद्दल एक नियम पाळा : सहा मिलीमीटरपेक्षा कमी जाडीचे पॅड घेऊन ट्रॅकवर जायचं नाही. नवे साधारण दहा-बारा मिलीमीटर असतात. पातळ पॅड लवकर संपतो हे तर आहेच, पण उष्णता अडवणारा थरही तोच असतो. नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलायचा असतो, तेव्हा निपल सोडून ढकला. कॅलिपरमधलं भाजलेलं ऑइल बाहेर जाऊ दे, एबीएसमधून उलटं नको. आणि गाडी हलवायच्या आधी पेडल चार-पाचदा दाबा. पॅड बदलल्यावर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि समोर गॅरेजची भिंत असते.

नवे पॅड बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० वरून २०-३० पर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता चालवून निववा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केली तर तिथे पॅडचा थर चिकटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं. मेकॅनिक सांगतो "डिस्क वाकली", लेथवर फेस मारून देतो आणि डिस्क पातळ होते. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून बघा. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक रेषा चालतात. नख अडकेल अशी किंवा कडेपर्यंत पोचलेली चीर दिसली की ती डिस्क भंगारात. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला झकास, पण चिरा भोकापासूनच निघतात.

कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून साफ करा आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा. साधं ग्रीस, डिझेल, पेट्रोल यातलं काहीही रबरी सीलला लागलं तर ते फुगतात. पार्ट पेट्रोलमध्ये धुवायची सवय असलेल्या गॅरेजला हे आधीच बजावून सांगा. होज पाइप सोडला तर तो कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे कॉपर वॉशर नवेच घाला. स्टीलच्या जाळीचे होज बसवले असतील तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ते टायरला किंवा सस्पेन्शनला घासत नाहीत ना, ते पाहा.

ट्रॅकवर मात्र पेडल वाचता आलं पाहिजे. पेडल कडक आहे, जोर लावताय, पण गाडी थांबत नाही : पॅड त्याच्या तापमानाच्या पलीकडे गेलाय. पेडल मऊ होऊन खाली जातंय : ऑइल उकळलंय. पहिला दाब लांब, दुसरा ठीक, आणि हे खडबडीत कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेल्यावर होतंय : डिस्कने पॅड मागे ढकललेत, व्हील बेअरिंगची ढिलाई तपासा. तिन्हींवर पहिला उपाय एकच, वेग कमी करून पिटमध्ये परतणं. पण नंतरचा खर्च वेगळा असतो. ऑइल उकळणाऱ्या गाडीला मोठे कॅलिपर घेण्याआधी चांगलं ऑइल आणि पॅड घालून बघा. नवख्याच्या गाडीला बहुधा एवढंच हवं असतं.

एकदा उकळलेलं ऑइल निवल्यावर पेडल परत येतं, त्याला भुलू नका. त्यात वाफेचे बुडबुडे उरलेले असू शकतात आणि पुढच्या वेळी ते आधी उकळतं. कॅलिपर हात लावण्याइतके गार झाल्यावर पुढच्या दोन्ही चाकांतून ५०-५० मिली काढा, मगच पुढचं सेशन. म्हणून आणखी एक बाटली सील न फोडता सोबत न्यायची. शेवटचा लॅप जवळजवळ ब्रेक न लावता काढा, पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. पहिल्या सेशननंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

पुण्या-मुंबईहून चेन्नईला त्याच गाडीने जाणार असाल तर येण्या-जाण्याचे दोन हजारांहून अधिक किलोमीटरही लक्षात घ्या. निव्वळ रेसिंगचे पॅड गार असताना पकडत नाहीत, हायवेवर म्हैस आडवी आली की हे कळतं. रस्त्याचे पॅड डिकीत ठेवा आणि परतीच्या आधी बदला.

काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका. लेबल लावलेल्या बंद डब्यात ठेवून गॅरेजच्या टाकाऊ ऑइलवाल्याकडे द्या. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर एक दिवसही ठेवू नका. ते विषारी आहे आणि दिसतं सरबतासारखं.